क्रुसाला पाठ नसते

बेलामाय. आधी तिचं नाव लिहून टाकते, म्हणजे मग माघार नाही. पूर्ण नाव इझाबेल — पण त्या नावानं तिला हाक मारलेली मी एकदाच ऐकली, आणि ती चांगल्या कामासाठी नव्हती. माझी मुलगी कृपा आज जिवंत आहे, शाळेत जाते, केसांच्या रिबिनीवरून माझ्याशी भांडते — ते बेलामायमुळे. हे एवढंसं वाक्य. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, फादरना नाही. देवालासुद्धा सरळ शब्दांत नाही. त्याला ठाऊकच असणार, असं मनाशी म्हणायचं आणि प्रार्थनेत पुढं सरकायचं, एवढंच करत आले.

मग तुम्हाला का सांगते? नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जात असेल. आणि कृपानं एक प्रश्न विचारला, म्हणूनही. तो सांगेन. पण आधी मी कुठली कोण, ते सांगितल्याशिवाय माझा दोष कळणार नाही.

मी नगरकडची. शाळा सातवीत सुटली. लग्न झालं, कृपा झाली, आणि माझा नवरा योहान याला इकडं मालवणकडं चिऱ्याच्या खाणीवर काम मिळालं. चिरा म्हणजे इथली घरं बांधायचा तांबडा दगड. तो कापायच्या मशीनवर योहान. मला सगळ्याचीच धास्ती. समुद्राच्या आवाजाची, माशाच्या वासाची, लोकांच्या बोलीची — कुणी काही विचारलं की मी हसायची, आणि हसण्यानं काम भागलं नाही की आत जायची. आम्हाला खोली दिली दियोगबाबांनी. त्यांचं मोठं घर वर टेकाडावर, आणि आमची खोली खाली मळ्याच्या कडेला, खाडीच्या बाजूला. मळ्याच्या बांधावर एक क्रूस आहे, छातीएवढ्या उंच चौथऱ्यावर. इथले लोक त्याला खुरीस म्हणतात. आणि थोडं पुढं गेलं की लहानसं देऊळ, ते कपेल. त्याचा कारभार दियोगबाबांकडं, आणि चावी बेलामायच्या कमरेला.

आता आमच्या वस्तीवरची एक रीत सांगते. आमच्याकडं साक्ष देतात. रविवारची उपासना झाली की पाळकसाहेब विचारायचे, कुणाला प्रभूचे उपकार सांगायचे आहेत का? मग एकेक जण उभा राहायचा. साक्षीची एक चाल असते, ती मला लहानपणापासून पाठ होती. आधी संकट. मग डॉक्टरनं हात टेकले, भावकीनं तोंड फिरवलं, आता कुणी नाही — आणि मग प्रभू आला. ‘कुणीच नव्हतं’ म्हणताना आवाज चढवायचा. तिथं बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मला मात्र एक कोडं पडायचं. आमच्या शेजारची सखूबाई, तिनं ज्याच्यासाठी दवाखान्यात खेटे घातले, तोच उभा राहून सांगतोय की कुणीच नव्हतं. आणि सखूबाई मागं बसून टाळ्या वाजवतेय. मग साक्षीतली सखूबाई कुठं गेली? मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, गप बस, देवाचं चाललंय.

गप बसले. तेव्हापासून बसलेच म्हणायचं.

इथं आले तर रीत निराळी. इथं कुणी उभं राहून बोलत नाही. काही बरं झालं की क्रुसाकडं मेणबत्ती लावतात, सगळे मिळून लदीन म्हणतात — म्हणजे क्रुसापुढं गात गात केलेली प्रार्थना — आणि नंतर उकडलेले चणे नि खोबऱ्याच्या कातळ्या वाटतात. आमच्या पद्धतीचं चर्च जवळपास नव्हतं, म्हणून मीही कपेलात जायला लागले. आणि तिथं बेलामायशी गाठ पडली. गाठ म्हणजे काय — तिनंच मला पकडलं.

“तुमच्या थंय पाणीच नाय म्हणतत. म्हणान मासो बघून भियतंस काय गो?”

ही तिची पहिली ओळख. सुकलेली, काटक, गळ्यात मण्यांची माळ कायमची, अंगाला मेणाचा आणि सुक्या बांगड्याचा वास. नवरा कधीच गेलेला, मुलगी इन्सुलीला दिलेली. कपेल झाडायची, घंटा वाजवायची, सायबिणीपुढची फुलं बदलायची. सायबीण म्हणजे मारियामाता. लाकडाची जुनी मूर्ती, कुणाच्या तरी पणज्यानं गोव्याहून होडीतून आणलेली, असं सांगतात. पावसाळ्यात खाडीचं पाणी कपेलाच्या पायरीला लागलं की सायबिणीला उचलून माळ्यावर न्यायचं, हे चावीवाल्या माणसाचं काम. बेलामायच्या आधी तिची सासू ते करायची. बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकता कामा नये.

पण मला नवल वाटायचं ते तिच्या मेणबत्तीचं. सगळे मेणबत्ती घेऊन सरळ क्रुसाकडं जायचे. ही आधी माणसाकडं जायची. एकदा बाबल्यानं तिची कौलं चाळून दिली. बाबल्या म्हणजे मळ्यापलीकडचा मासेमारी करणारा, हिंदू. ही त्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि मेणबत्ती त्याच्या हातात दिली.

“धर वायच.”

“माका किरिस्तांव करतंस काय गो माये?” बाबल्या हसत होता.

“तुका करून देव काय करतलो? कौलांका चुनो लावतलो? धर गप.”

त्यानं धरली. मग हिनं ती परत घेतली, क्रुसाकडं गेली, पेटवली. मी मागून गेले. राहवेना. विचारलं, असं का? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की ही एवढी मोठी झाली नि हिला हेही माहीत नाही.

“देवान माणूस धाडलो. तो पोचलो काय नाय, ता देवाक कोण सांगतला? पोच देऊक होयी मा?”

पोच. पोस्टातून काही आलं की देतात, तशी. मला हसू आलं होतं. पण घरी येऊन बराच वेळ मी तेच घोळवत होते. म्हणजे आभार मानणं हे देवाला खूश करायला नाहीच की काय? नुसतं कळवायला? तू पाठवलेलं माणूस मिळालं हो, असं?

तिचे आभारही कसल्या कसल्या गोष्टींचे असायचे. गुडघा दुखत असायचा, तर दुसरा दुखत नाही म्हणून. जावयानं वर्षभर तोंड दाखवलं नाही, तर मुलगी फोनवर भांडली म्हणून — “भांडूक जोर आसा, म्हणजे जेवता बरा!” मी मनात म्हणायची, ही भाबडी आहे. आता म्हणवत नाही.

तर तो दिवस.

पाऊस दोन-तीन दिवस लागून होता. सकाळीच बेलामाय माझ्या दारात आली. आज भरती मोठी आहे, वरच्या घरी चल, म्हणाली. मी म्हटलं, नको. तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा मी म्हटलं, “माये, आमचा प्रभूवर विश्वास आहे.”

“तुझ्या विश्वासाक पवाक येता काय गो? येत नसात तर चल.”

विश्वासाला काय, मलाही पोहता येत नव्हतं, तरी मी नाही गेले. खरं कारण सांगू? विश्वास वगैरे काही नव्हतं. दियोगबाबांच्या ओटीवर ओल्या पायांनी जाऊन बसायचं, त्यांच्या घरच्यांनी चहा विचारायचा, आपण आक्रसून बसायचं, आणि मग मागं कुणी म्हणायचं की भाडेकरू आता घरात येऊन बसायला लागले — त्याची मला भीती होती. भीतीला मी विश्वास म्हटलं. चांगलं नाव दिलं की भीती किती बरी दिसते, नाही?

योहान खाणीवर. रस्ता बंद झाल्याचा त्याचा फोन आला, मग फोनही लागेना. दुपारी दाराखालून पाणी आत आलं. आधी एक रेघ आली, मग ती पसरली. कृपाला मी खाटेवर उभं केलं. ती तेव्हा नुकतं नीट बोलायला लागलेली. बघता बघता पाणी खाटेच्या दोऱ्यांना लागलं. दार आत ओढायला गेले तर हलेना. कडी फुगून बसली होती की माझेच हात चालत नव्हते, सांगता येत नाही. मी प्रार्थना केली का? लोकांना मी सांगितलं, केली. खरं म्हणजे मी नुसती आई, आई म्हणत होते.

दारावर बाहेरून खांदा बसला. एकदा, मग पुन्हा. दार आणि पाणी आणि बेलामाय एकदमच आत आली. तिनं कृपाला पाठीवर घेतलं, पदरानं आवळून बांधलं, माझा हात धरून आपल्या कमरेच्या गाठीत खुपसला. तिथं चावी होती. ती मुठीत धरून मी तिच्या मागून चालले. बांधापर्यंत आधी कमरेएवढं पाणी, मग छातीएवढं. एके ठिकाणी माझा पाय सुटला, तर तिनं मागं न बघता हासडलेली शिवी मला अजून ऐकू येते. क्रुसाच्या चौथऱ्यावर तिनं कृपाला चढवलं, मला ढकललं.

“खुरसाक दोनूय हातान धर. सोडलंस तर मीच मारतलंय तुका.”

मग तिनं कपेलाकडं पाहिलं. पायरी दिसत नव्हती. कधीच बुडली होती.

“सायबीण खालीच रवली,” एवढंच म्हणाली, आणि पाण्यात उतरून गेली. ती कपेलाकडंच निघाली होती. वाटेत माझी खोली लागली. मला ते तिथं, त्या चौथऱ्यावर बसल्या बसल्या कळलं. हे मुद्दाम सांगते. कळलं नव्हतं असं नाही.

नंतर होडी आली. बाबल्या आणि आणखी दोघं. मी क्रुसाला मिठी मारून, कृपा माझ्या आणि क्रुसाच्या मध्ये. लांबूनच एकानं आरोळी ठोकली, “खुरसान राखल्यान! आवयक नि चेडवाक खुरसान राखल्यान!” बाबल्यानं मला होडीत घेतलं नि विचारलं, हयसर कशी पोचलंस गो? माझे दात वाजत होते. मी क्रुसाकडं बोट केलं.

बोट केलं, एवढंच. ते अजून खोटं नव्हतं, नाही का? की होतं? मला हे खरंच कुणाला तरी विचारायचं आहे — खोटं नेमकं कुठं सुरू होतं?

संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा बेलामाय कपेलाच्या पायरीवर सापडली. मांडीवर सायबीण. मूर्ती पाण्यात आडवी झालेली, उजवा हात निखळून गेलेला, चेहऱ्याचा रंग सुटलेला.

पुढच्या दिवसांत दोन गोष्टी शेजारी शेजारी चालल्या होत्या. मला दियोगबाबांच्या घराची पडवी राहायला मिळाली. तांदूळ आले, कपडे आले, योहानला चादर आली. बायका लांबून लांबून कृपाला बघायला यायच्या, तिच्या डोक्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावायच्या. खुरसानं राखलेलं चेडू! मी, जिच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिला आता कपेलात पुढं बसवायचे. आणि त्याच दिवसांत लोक बेलामायला विचारत होते, पाणी चढेपर्यंत तू होतीस कुठं? झोपली असेल, म्हणायचे. म्हातारी झाली, म्हणायचे. तिनं एकदाच सांगितलं, मार्थाकडं गेले होते. मार्था म्हणजे मी. लोकांनी माझ्याकडं बघितलं. कृपाला ताप होता, मी तिचं अंग पुसत होते. पुसतच राहिले.

रविवारी क्रुसाकडं आभाराची लदीन झाली. मळ्यात चिखल, गवत आडवं पडलेलं, तरी सगळा गाव आला. गाणं संपलं तसे दियोगबाब म्हणाले, “मार्था, तुमच्यात उभे रवान सांगतत मा? सांग तू.”

मी उभी राहिले. आणि ती चाल आली. मी आणली नाही, ती आपोआप आली, तोंडात बसलेली. आधी अंधारून आलेलं, मग पाणी, मग माणसं दूर, फोन बंद. आणि मग मी ते म्हटलं. आवाज चढवून म्हटलं. कुणीच नव्हतं! एक माणूस नव्हतं! फक्त प्रभूनं माझा हात धरला आणि या क्रुसापाशी आणून सोडलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझं अंग शहारलं, इतकं छान झालं ते. बेलामाय बांधाच्या कडेला बसली होती, पाय चिखलात. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

तिनंही म्हटलं. मी तिच्याकडंच बघत होते. ओठ हलले, आवाज आला. आमेन.

का म्हटलं असेल तिनं? इतक्या वर्षांत या एका शब्दानं माझी पाठ सोडलेली नाही. ती माझी लाज राखत होती? मला वेडी ठरवत होती? की तिला खरंच वाटलं, की देवानंच हात धरला, तर तसंच आहे — हात कुणाचा होता, ते त्याचं नि तिचं? रागानं म्हटलेला आमेन मला कळला असता. तो रागाचा नव्हता.

इथवर सांगून मी थांबले असते, तर तुम्ही मला माफही केलं असतं. घाबरलेली बाई, सवयीची चाल, तोंडातून निघून गेलं. मी स्वतःला बरीच वर्षं एवढंच सांगत आले. पण हे खरं नाही. म्हणजे हे झालं, पण माझा दोष हा नव्हे.

माझा दोष दुसऱ्या दिवशीचा. दियोगबाब एकटे पडवीत आले. टोपी काढून हातात घेतली. गर्दी नव्हती, गाणं नव्हतं, चाल नव्हती. ते हळू म्हणाले, “मार्था, एकच सांग. बेला त्या दिसा दुपारी तुझ्याकडे इल्ली काय?”

त्यांना हो ऐकायचं होतं. मला ते दिसलं. एवढा दरारा असलेला माणूस, पण डोळे असे झालेले की हो म्हण, आणि मला या सगळ्यातून सोडव. बेलामायला ते लहानपणापासून ओळखत होते. माझं एक हो पुरलं असतं.

मी म्हटलं, “सकाळी आली होती, बाबा. दुपारी नाही.”

बघा, कसं म्हटलं ते. निम्मं खरं घालून म्हटलं. विचार करून म्हटलं. कृपा माझ्या मांडीवर होती. हो म्हटलं असतं तर कालची साक्ष खोटी ठरली असती, पडवी गेली असती, डोक्याला हात लावणाऱ्या बायका गेल्या असत्या — असं सगळं त्या क्षणात मला दिसलं, अगदी स्वच्छ. मी गोंधळलेली नव्हते. मी निवड केली. पाण्यात बेलामायनं केली होती, तशीच मीही केली.

दियोगबाबांनी टोपी घातली. त्या संध्याकाळी कपेलासमोर चार माणसांदेखत त्यांनी हाक मारली, “इझाबेल, चावी.” तिनं कमरेची गाठ सोडली. ओलं झाल्यानं ती गाठ पक्की बसली होती, सुटेना. सगळे वाट बघत उभे. मीही.

त्याच आठवड्यात ती मुलीकडं इन्सुलीला जायला निघाली. जाताना माझ्याकडं आली. मी पडवीत तांदूळ निवडत होते. तिच्या हातात पिशवी नि एक मेणबत्ती. मला वाटलं, आता बोलेल. मला तर वाटत होतं, बोलावं. तिनं विचारलं, “ताप उतरलो काय गो चेडवाचो?” मी मान हलवली. मग ती कृपासमोर उकिडवी बसली आणि मेणबत्ती कृपाच्या हातात दिली.

“धर वायच.”

कृपानं दोन्ही मुठींत धरली.

“ह्या चेडवान माझे केस घट धरल्यान, पाण्यात,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “म्हणान माका धीर इलो. नायतर मी भियालेलंय.”

मेणबत्ती परत घेतली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून पुटपुटली, “देव बरें करूं.” इथं आभार असे मानतात. मग बांधावरून क्रुसाकडं गेली, पेटवली, आणि तशीच पुढं एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. तिचं नाव गेलं होतं, चावी गेली होती, घर बंद होतं — आणि ती माझ्या पोरीची पोच देऊन गेली. मी तांदूळ निवडत होते. ताटात खडे नव्हते, तरी निवडत होते.

त्यानंतर आमचे दिवस बरेही गेले आणि वाईटही. योहानचा हात मशीनमध्ये गेला, दोन बोटं तुटली. खाण सुटली. मी पर्यटकांच्या खोल्या झाडायला लागले. त्या काळात मी बेलामायची सवय उचलली, कुठून आली कळलं नाही. संध्याकाळी दिवा लावला की आभार मोजायला बसायचं. योहानचा अंगठा शाबूत राहिला. डॉक्टरनं चहा पाजला. खोल्यांच्या मालकिणीनं उरलेली कढी दिली. आधी माणसाचं नाव, मग देवाचं. खरं सांगते, त्यानं माणूस तरतो. वाईट दिवसातसुद्धा कुणीतरी आलेलं असतंच, आपण मोजत नाही इतकंच. पण रोज मोजताना मी एका जागी येऊन अडते. एक नाव आहे, ते घेतलं की बाकीची सगळी खोटी वाटायला लागतात. मग मी घाईनं आमेन म्हणते आणि भात लावते.

इथले लोक फादरपाशी जाऊन आपली पापं सांगतात. आमच्यात तशी रीत नाही. तरी एकदा त्या रांगेत उभी राहिले. पुढची बाई उठली, माझी पाळी आली, आणि मी बाहेर येऊन फुलांना पाणी घातलं. सायबिणीला नवा हात बसवला आहे. रंग जुळत नाही, जरा उजळ आहे. कपेलात बसले की मला बाकीची मूर्ती दिसतच नाही.

आता कृपाचा प्रश्न. ती माझ्यापेक्षा पुढच्या वर्गात गेली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या बाईंनी तिला सांगितलं, तू क्रुसानं राखलेली मुलगी, लहान मुलांना तुझी गोष्ट सांग. ती घरी आली, दप्तर टाकलं, आणि खूप विचार करून मला म्हणाली, “आई, क्रुसाला पाठ असते का?”

मी म्हटलं, काय?

“मला पाठ आठवते. ओली. आणि केस माझ्या मुठीत. आणि इथं मणी टोचत होते,” तिनं हनुवटीला हात लावला. “क्रुसाला केस कुठून आले?”

मी म्हटलं, तू लहान होतीस. तुला काय आठवणार. जा, हात पाय धू. ती गेली. पण जाताना तिनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं कधी काळी मी माझ्या आईकडं बघितलं होतं. सखूबाई कुठं गेली, असं विचारल्यावर.

दियोगबाब थकले आहेत, पण आहेत. बेलामाय इन्सुलीला आहे. मुलीच्या दारात बसून चेकनाक्यावर थांबलेल्या ट्रकवाल्यांना टोमणे मारते, असं बाबल्या हसत हसत सांगतो. तो भेटून येतो. मी नाही.

मे महिन्यातली क्रुसाकडची लदीन दर वर्षी एकेका घराकडं असते, या वर्षी ती आमच्या घराची आहे. मी मागून घेतली. मेणबत्ती आणून मिठाच्या बरणीमागं ठेवली आहे. त्याआधी एक दिवस मी कृपाला घेऊन इन्सुलीची एसटी धरीन. वाटेत तिला सगळं सांगीन, माझं ‘दुपारी नाही’सुद्धा. बेलामायच्या पायरीवर बसेन आणि म्हणेन, धर वायच. तिनं धरली नाही, दार लावून घेतलं, तरी पायरीवर तेवढा वेळ बसेन. मग परत येऊन, त्याच क्रुसापाशी, दियोगबाबांसमोर, उभी राहून तिचं पूर्ण नाव घेईन. इझाबेल आली होती. दुपारी आली होती.

देवा, तू धाडलेलं माणूस पोचलं होतं.